क्लच घसरतो आहे आणि डाव्या बाजूने ऑइल गळते आहे : आजार एक की दोन?

वसनाकाठ · रविवार, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. माझ्या मोटारसायकलीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी दीडशे सीसीची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची आणि कार्ब्युरेटरची आहे. वय ११ वर्षे, धाव ४६,२०० किलोमीटर. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण इतकी वर्षे विनातक्रार चाललेल्या गाडीबद्दल आता कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावाहून साताऱ्याला नोकरीसाठी रोज ये-जा असते, एकेरी अंतर २२ किलोमीटर, आणि हंगामात घेवड्याचे पोते मागे बांधून तीच गाडी बाजारालाही जाते.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गेल्या तीन आठवड्यांतल्या आहेत. पहिली अशी की, चढावर किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. गेल्या रविवारी पत्नीसह यवतेश्वरचा घाट चढत होतो, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसते ओरडत होते आणि शेजारून एक भरलेला टेम्पो आम्हांला सावकाश मागे टाकून गेला. दुसरी तक्रार गळतीची आहे. सुरुवातीला सकाळी अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसायचा, आता तो बशीएवढा झाला आहे. डाव्या बाजूला, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, जे झाकण असते त्याच्या खालून थेंब पडतात, आणि मागच्या रिमवरही बारीक शिंतोडे दिसतात.

गावात ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी "क्लच प्लेटा गेल्या, इंजिन खोला" एवढेच सांगितले. माझा प्रश्न असा आहे की, ऑइल गळते म्हणून क्लच घसरतो आहे का, की हे दोन निरनिराळे आजार आहेत?

घाटवाट · रविवार, रात्री १०.१५

माझ्या मते आजार एकच आहे. गळणारे ऑइल क्लच प्लेटांवर जाऊन त्या तेलकट होतात आणि तेलकट प्लेट पकड घेत नाही, हे उघड आहे. आमच्या जीपगाडीला अगदी असेच झाले होते; क्रँकचे मागचे सील बदलले, प्लेट बदलली आणि गाडी पूर्ववत झाली. वेळ न दवडता क्लच उघडावा.

जुना फिटर · सोमवार, सकाळी ६.५०

घाटवाट यांनी जीपबद्दल लिहिले ते खरे आहे, परंतु तो नियम मोटारसायकलीला लागू करता येणार नाही. जीपचा क्लच कोरडा असतो. त्याच्यावर ऑइलचा थेंबही पडता कामा नये. आपल्याकडच्या बहुतेक सर्व गिअरच्या मोटारसायकलींचा क्लच मात्र इंजिनाच्या ऑइलातच फिरत असतो. पाच-सहा फायबर प्लेटा आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक बसवलेल्या स्टीलच्या प्लेटा स्प्रिंगांच्या जोराने एकमेकींवर दाबलेल्या असतात, आणि ऑइल त्यांना थंड ठेवते. जी वस्तू जन्मापासून तेलात बुडालेली आहे, ती तेलकट झाल्याने घसरेल कशी? शिवाय इंजिनाबाहेर पडलेले ऑइल पुन्हा आत शिरून क्लचवर जात नाही. तेव्हा सध्या तरी हे दोन आजार वेगवेगळे आहेत असे धरूनच तपासणी करावी.

मी सांगलीत ३४ वर्षे गॅरेज चालवले, आता हात थांबले आहेत. घसरणाऱ्या क्लचची गाडी आली की मी पाना उचलण्याआधी दोन गोष्टी करायचो. पहिली म्हणजे क्लचच्या लिव्हरचा प्ले पाहायचा. लिव्हर बोटाने हलकेच ओढून पाहावी. टोकाशी १० ते २० मिलिमीटर ती मोकळी हलली पाहिजे आणि त्यानंतरच केबलचा ताण लागला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही हा प्ले टिकतो का, तेही पाहावे. प्ले शून्य असेल, तर आपण लिव्हरला हात न लावताही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो आणि स्प्रिंगांचा सगळा जोर प्लेटांपर्यंत पोहोचत नाही. प्लेटा झिजत जातात तसा हा प्ले आपोआप कमी होत जातो, म्हणून "मी तर हात लावला नव्हता" हे उत्तर येथे पुरेसे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. गाडीला शेवटचा हात कोणी लावला, कधी लावला आणि काय केले? वसनाकाठ, ४६,००० किलोमीटर नीट चाललेल्या गाडीत एकाच वेळी दोन तक्रारी उद्भवल्या, त्याअर्थी तीन-चार आठवड्यांपूर्वी तिच्यावर काहीतरी काम झालेले असावे असा माझा संशय आहे. आठवून सविस्तर लिहावे.

तोपर्यंत घाट टाळावा. स्प्रॉकेटपाशी गळणारे ऑइल चेनवरून मागच्या टायरच्या कडेला उडते, आणि उतारावरच्या वळणावर टायरची नेमकी तीच कड रस्त्याला टेकते. टायर साबणाच्या पाण्याने धुवावा, डिझेलने किंवा रॉकेलने नव्हे.

उरमोडी · सोमवार, दुपारी १.०५

काकांच्या म्हणण्यास पूर्ण अनुमोदन. त्यात थोडी भर घालते. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, त्यामुळे खोलण्याआधी मोजण्याची सवय आहे.

इंजिनाची ताकद कमी होणे आणि क्लच घसरणे या दोन गोष्टींत लोक नेहमी गल्लत करतात. कार्ब्युरेटरमध्ये कचरा असला किंवा कॉम्प्रेशन गेलेले असले, तर गाडी ओढत नाही, पण इंजिनाचे फेरेही वाढत नाहीत. क्लच घसरतो तेव्हा फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही. आपल्या गाडीला फेरे दाखवणारा काटा असेल, तर हे आकड्यांत सिद्ध करता येते. एखादा गिअर पडलेला असताना आणि लिव्हर पूर्ण सोडलेली असताना इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचे गुणोत्तर दात्यांनी बांधलेले असते. रस्ता सपाट असो वा चढाचा, ते बदलूच शकत नाही. म्हणून सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला काटा कोठे आहे ते टिपून ठेवावे. मग एखाद्या छोट्या चढावर त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, ॲक्सिलरेटर अधिक उघडून पुन्हा पाहावे. काटा वर सरकला असेल, तर तेवढी घसरण आहे.

चेन स्प्रॉकेटच्या दात्यांवरून उडत असेल तरी फेरे क्षणभर वाढतात, पण तेव्हा खटखट आवाज आणि धक्के जाणवतात. क्लचची घसरण मऊ असते, धक्क्याविना.

आता गळतीबाबत. जेथे थेंब पडतो तेथेच उगम असेल असे नाही. ऑइल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधावा लागतो. स्प्रॉकेटचे झाकण काढून तो सगळा भाग डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावा, कोरड्या फडक्याने पुसावा, वर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि आठ-दहा किलोमीटर फिरून यावे. पावडरवर पहिली ओली रेघ जेथे उमटेल, तेथे उगम. डाव्या बाजूला संशयित तीनच आहेत: स्प्रॉकेटच्या मागचे ऑइल सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचे सील आणि मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चक्राच्या, झाकणाचे पॅकिंग. हे द्रव इंजिन ऑइलच आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण काही जण चेनला इतके ग्रीस आणि ऑइल लावतात की तेच वितळून खाली ठिबकते.

हळदपेठ · सोमवार, रात्री ८.३०

माझ्याकडे जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट आहे. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचचा चेनकेस या तिघांचे ऑइल स्वतंत्र असते. चेनकेसमधून गळती असेल, तर क्लच घसरण्याशी तिचा संबंध जोडता येईल का?

जुना फिटर · सोमवार, रात्री ९.१०

गळतीशी नाही, पण त्या केसमध्ये काय ओतले आहे याच्याशी नक्की आहे. त्या बुलेटच्या चेनकेसचे झाकण मधल्या एकाच नटावर आवळलेले असते आणि खालचे रबर जुने झाले की ते गळतेच. मालक वैतागून दाट ऑइल भरतात आणि मग क्लच जडही होतो आणि घसरतोही. तिची आणखी एक खूण म्हणजे किक. त्या गाडीत किकचा जोर क्लचमधून इंजिनाला जातो, म्हणून क्लच घसरत असेल तर किकच पायाखालून सटकल्यासारखी रिकामी जाते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत किक थेट क्लचच्या बाहेरच्या डब्याला फिरवते, त्यामुळे ही परीक्षा वसनाकाठ यांच्या उपयोगाची नाही.

विषय निघालाच आहे म्हणून उलटा आजारही सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीत ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकी कितीतरी गाड्यांच्या इंजिनातून ताकासारखे पांढरे ऑइल निघाले आणि क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की लिव्हर पूर्ण दाबूनही गिअर टाकताच गाडी उडी मारत असे. घसरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच यांना एकच औषध देणारे फिटरही मी पाहिले आहेत.

वसनाकाठ · बुधवार, रात्री ९.५५

काका आणि ताई, आपण दोघांनीही एवढ्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व तपासण्या केल्या. निष्कर्ष लिहिण्याआधी काकांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते देताना मलाच थोडे ओशाळल्यासारखे होत आहे.

गाडीला शेवटचा हात मीच लावला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी माझी मोटारसायकल आणि वहिनींची स्कूटर अशा दोन्ही गाड्या अंगणात धुतल्या आणि दोन्हींचे ऑइल मी स्वतः बदलले. चेन सैल वाटली म्हणून आवळली. क्लचची लिव्हर लुळी लागत होती म्हणून केबलही आवळली. हे सगळे होईपर्यंत अंधार पडला होता आणि वीज गेलेली होती, त्यामुळे शेवटची कामे मोबाइलच्या उजेडात झाली. दुसऱ्या दिवशी हारफुले घालून पूजा झाली. दसऱ्यानंतर आठवडाभराने या तक्रारी सुरू झाल्या, पण त्यांचा त्या संध्याकाळशी काही संबंध असेल हे मला आजपर्यंत सुचलेच नव्हते.

आता निष्कर्ष. लिव्हरचा प्ले शून्य होता. हँडल डावीकडे वळवले की केबल उलट अधिकच ताणली जात होती. इंजिनाजवळच्या समायोजकावरून ती सैल करून टोकाशी १५ मिलिमीटर प्ले ठेवला. चेनची ढिलाई गाडीच्या पुस्तिकेत २५ ते ३५ मिलिमीटर दिली आहे. माझी भरली जेमतेम १०, आणि चाक फिरवताना एका जागी तर चेन तारेसारखी ताठ होत होती. तीही योग्य केली.

त्यानंतर ताईंची परीक्षा घेतली. वाढे फाट्याजवळच्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला काटा सुमारे ४,९०० वर होता. चढावर त्याच वेगाला तो ५,५०० च्या जवळ गेला. म्हणजे प्ले दिल्यावर घसरण बरीच कमी झाली असली, तरी ती अजून आहे.

गळतीची पहिली रेघ पुढच्या स्प्रॉकेटच्या बरोबर मागे, शाफ्टभोवतीच्या सीलच्या खालच्या कडेला उमटली. मॅग्नेटचे झाकण कोरडे होते. गिअर शाफ्टपाशी किंचित ओल होती, थेंब नव्हता.

पाटणचा पाऊस · बुधवार, रात्री १०.२०

उरलेली घसरण घालवण्यासाठी क्लचच्या स्प्रिंगांखाली एकेक वॉशर टाकावा. खर्च नगण्य आणि काम अर्ध्या तासाचे.

जुना फिटर · गुरुवार, सकाळी ६.४०

हा उपाय मी पूर्वी केलेला आहे आणि त्याचे परिणामही भोगलेले आहेत, म्हणून लिहितो की करू नये. वॉशरमुळे स्प्रिंग आधीच दबलेली राहते. लिव्हर जड होते, केबल लवकर तुटते, आणि लिव्हर दाबताना स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकली तर प्लेटांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जात नाही. मग न्यूट्रल सापडत नाही. शिवाय झिजलेली किंवा चकाकी चढलेली प्लेट आणखी दाबल्याने बरी होत नाही, थोडे दिवस गप्प बसते एवढेच. गाडी विकायची असणाऱ्यांचा हा आवडता उपाय आहे, यावरून काय ते समजावे.

उरमोडी · गुरुवार, दुपारी १२.४०

वसनाकाठ, आपण एकाच संध्याकाळी, अंधारात, स्कूटर आणि मोटारसायकल अशा दोन्ही गाड्यांचे ऑइल बदलले, हे वाचून मला एक शंका आली आहे. त्या दोन्ही बाटल्या घरात अजून असतील का? असल्यास त्यांवर काय छापले आहे ते शब्दशः लिहावे, आणि त्यांत काही ऑइल शिल्लक आहे का तेही पाहावे.

वसनाकाठ · गुरुवार, रात्री ८.१५

दोन्ही बाटल्या गोठ्यात होत्या. उरलेले ऑइल कडबाकुट्टीला घालण्यासाठी मोठ्या भावाने त्या जपून ठेवल्या होत्या, आणि कुट्टीला अजून त्यांतले काही घातलेले नव्हते.

पहिली बाटली एक लिटरची आहे. तिच्यावर २०डब्ल्यू-५० आणि जासो एमए२ असे आहे; ही मोटारसायकलीसाठी आणली होती. तिच्यात पाव लिटरहून थोडे अधिक ऑइल शिल्लक आहे. दुसरी ८०० मिलिलिटरची आहे, तिच्यावर १०डब्ल्यू-३० आणि जासो एमबी असे आहे. ही स्कूटरसाठी होती. ती पूर्ण रिकामी आहे.

माझ्या मोटारसायकलीला ऑइल बदलताना एक लिटर लागते आणि स्कूटरला ७०० मिलिलिटर. हे लिहिता लिहिताच माझ्या लक्षात येऊ लागले आहे.

उरमोडी · गुरुवार, रात्री ९.००

अगदी बरोबर. एक लिटर पिणाऱ्या गाडीच्या बाटलीत काहीच उरायला नको होते आणि स्कूटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर उरायला हवे होते. झाले नेमके उलटे. म्हणजे स्कूटरचे ऑइल मोटारसायकलीत गेले, तेही ८०० मिलिलिटर, आणि मोटारसायकलीचे स्कूटरमध्ये.

आता याचा क्लचशी संबंध असा. बाटलीवरचे २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-३० हे आकडे फक्त दाटपणा सांगतात. क्लच त्या ऑइलात पकड घेईल की नाही हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी जपानच्या वाहन-मानक संस्थेची जासो टी ९०३ ही प्रतवारी पाहावी लागते. एमए म्हणजे ज्या ऑइलात ओल्या क्लचला पुरेसे घर्षण मिळते ते. २००६ साली या वर्गाचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग केले गेले, त्यांत एमए२ चे घर्षण अधिक. एमबी म्हणजे कमी घर्षणाचे ऑइल. इंजिनातले घर्षण घटवून पेट्रोल वाचावे यासाठी त्याची घडण तशी केलेली असते, आणि ते गिअर नसलेल्या स्कूटरांसाठी असते, कारण त्यांचा क्लच इंजिनाच्या ऑइलात नसतोच. जे गुण स्कूटरच्या इंजिनाला हवेत, तेच ओल्या क्लचला नकोत. मोटारगाड्यांच्या काही ऑइलांतही घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. म्हणून "गाडीचे महागडे ऑइल उरले आहे, मोटारसायकलीत घालू" हा विचारही असाच अंगाशी येतो.

गळतीचा धागाही येथे थोडासा जुळतो. इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, ५० च्या वर्गातल्या (२०डब्ल्यू-५० मधला दुसरा आकडा) ऑइलचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो आणि ३० च्या वर्गातल्याचा ९.३ ते १२.५ च्या दरम्यान. जवळपास निम्मा. अकरा वर्षांचे कडक झालेले सील दाट ऑइल कसेबसे अडवून धरत होते. पातळ ऑइल आल्यावर आणि आवळलेल्या चेनने शाफ्ट एका बाजूला ओढल्यावर त्याने हात टेकले. तेव्हा घाटवाट यांचा निष्कर्ष चुकीच्या वाटेने का होईना, सत्याच्या जवळ पोहोचला होता असे म्हणावे लागेल. गळतीमुळे क्लच घसरला नाही, पण दोन्ही तक्रारींचा उगम त्या एका संध्याकाळी आहे.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. आधीच २०० मिलिलिटर कमी, त्यात तीन आठवड्यांची गळती. पातळी पाहिल्याशिवाय गाडी सुरूही करू नये.

वसनाकाठ · गुरुवार, रात्री ९.३५

डिपस्टिक पाहिली. टोकाला जेमतेम ओल आहे, खालच्या खुणेपर्यंतही ऑइल नाही. उद्या एसटीने जाईन.

वहिनी विचारत आहेत की त्यांच्या स्कूटरचे काय होईल?

जुना फिटर · शुक्रवार, सकाळी ६.३०

वहिनींना सांगावे की काळजीचे कारण नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळ्या डब्यात पट्ट्याबरोबर असतो; इंजिनात कोणते ऑइल आहे याचा त्याला पत्ताही नसतो. ऑइल दाट असल्याने थंडीत सकाळी इंजिन जरा जड फिरेल आणि पेट्रोल किंचित अधिक लागेल. सवडीने बदलून घ्यावे.

मोटारसायकलीचा क्रम असा ठेवावा. इंजिन थोडे गरम करण्यापुरतेच सुरू करून आधी हे ऑइल पूर्ण काढावे, फिल्टर बदलावा, एमए२ चे योग्य ऑइल मापात भरावे. शंभरेक किलोमीटर चालवून तेही काढावे आणि पुन्हा नवे भरावे. पैसे वाया गेल्यासारखे वाटेल, पण प्लेटांच्या फायबरमध्ये जुने ऑइल मुरलेले असते आणि ते एका धुण्यात निघत नाही. अनेकदा एवढ्यावरच क्लच पूर्ववत होतो. नाही झाला तर उघडावा.

वसनाकाठ · पुढचा रविवार, रात्री ८.५०

दोनदा ऑइल बदलून झाले. फरक मोठा आहे: रोजच्या रस्त्यावर घसरण जाणवतच नाही. परंतु पोते बांधून चढावर गेलो, तर ४० ला काटा अजून ५,१०० दाखवतो. थोडी घसरण शिल्लक आहे. मी स्वतः उघडायचे म्हणतो आहे. घरी पाने आहेत, मित्राकडून व्हर्नियर मिळेल. काका, सांभाळण्याच्या जागा सांगाव्यात.

जुना फिटर · सोमवार, सकाळी ७.२०

तीन आठवडे घसरत चालवल्याने प्लेटा तापून त्यांच्यावर चकाकी चढली असणार. उघडा, अवघड नाही, मात्र घाई नको.

गाडी डाव्या बाजूच्या स्टँडवर नीट कलती ठेवावी, म्हणजे उजवे झाकण काढताना ऑइल कमी सांडते. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून भोके पाडावीत आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी आवळून केसला तडा गेलेल्या गाड्या माझ्याकडे दरवर्षी यायच्या. जुने पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तेथून गळती कायमची. नव्या पॅकिंगवर सिलिकॉन थापू नये, कारण आत सांडलेले त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात. झाकणाच्या दोन पोकळ खुंट्या हरवू देऊ नयेत.

स्प्रिंगांचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे सैल करावेत आणि बसवतानाही तसेच आवळावेत. ते नाजूक असतात. जोर दाखवण्याची ती जागा नव्हे. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून ठेवाव्यात. फायबर प्लेटांची जाडी चार ठिकाणी मोजावी. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, वाक पाहावा आणि त्यांचा रंग पाहावा; निळसर झाक आली असेल तर ती प्लेट भाजलेली आहे. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी. ही सर्व मापे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावीत, माझ्या किंवा कोणाच्या तोंडी आकड्यांशी नव्हे. शेवटी क्लचच्या बाहेरच्या डब्याच्या बोटांवरून नख फिरवावे. प्लेटांच्या कानांनी तेथे खाचा पाडल्या असतील, तर नव्या प्लेटाही त्यांत अडकतील.

नव्या फायबर प्लेटा बसवण्याआधी रात्रभर ऑइलात भिजत ठेवाव्यात. कोरड्या बसवल्यास पहिल्याच फेरीत भाजतात.

स्प्रॉकेटच्या मागचे सील त्याच दिवशी बदलावे. बहुतेक गाड्यांत ते स्प्रॉकेट काढल्यावर बाहेरूनच निघते. पण केवळ सील बदलून थांबू नये. सीलची ओठासारखी कड ज्यावर फिरते त्या कॉलरवर वर्षानुवर्षांत बारीक खाच पडते. नखाला खाच लागली तर कॉलर आणि तिच्या आतली रबरी रिंग दोन्ही बदलावीत, नाहीतर नवे सीलही महिन्याभरात गळू लागते आणि दोष बिचाऱ्या सीलच्या नावावर जातो.

घाटवाट · सोमवार, सकाळी ९.०५

माझा जीपचा दाखला येथे गैरलागू होता, हे मान्य. या चर्चेनंतर माझ्या स्वतःच्या मोटारसायकलीचा प्ले पाहिला. तोही शून्याच्या जवळ निघाला. आता योग्य केला आहे.

वसनाकाठ · रविवार, संध्याकाळी ६.३०

काल काम पूर्ण केले. मला दीड दिवस लागला; सरावाच्या हाताला अर्धा दिवस पुरला असता.

पाच फायबर प्लेटांची जाडी २.८ मिलिमीटर भरली. पुस्तिकेत नवी ३.० आणि मर्यादा २.७ आहे. म्हणजे मापाने त्या अजून चालण्याजोग्या होत्या, परंतु सगळ्यांवर काचेसारखी चकाकी होती आणि एकीची कड काळी पडलेली होती. स्टीलच्या चारपैकी दोन प्लेटांवर निळसर पट्टे होते आणि त्यांतली एक काचेवर ठेवल्यावर ०.२५ मिलिमीटरचे पाते खालून आरपार गेले, मर्यादा ०.२० आहे. स्प्रिंगा मापात होत्या, तरी संचाबरोबर नव्या आल्या म्हणून बदलल्या. डब्याची बोटे गुळगुळीत निघाली.

सीलची कड कडक होऊन चिरली होती, आणि काकांनी लिहिल्याप्रमाणे कॉलरवर नखाला लागण्याइतकी खाच होतीच. कॉलर पोवई नाक्याच्या परिसरातल्या तीन दुकानांत नव्हती. चौथ्या दुकानदाराने मागवून दिली, त्यात दोन दिवस गेले. प्लेटांचा संच, स्प्रिंगा, पॅकिंग, सील, कॉलर आणि रिंग मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. ऑइलचा खर्च वेगळा, आणि तो तिप्पट झाला हे घरी अजून सांगितलेले नाही.

उरमोडी · रविवार, रात्री ८.००

उत्तम झाले. काट्याचा आकडा?

वसनाकाठ · त्यानंतरचा शनिवार, रात्री ९.१५

आज पत्नीसह यवतेश्वरचा घाट पुन्हा चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला ४,९००, वरपर्यंत. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर प्ले पुन्हा तपासला, तो १५ वरून १२ झाला होता. पुन्हा १५ केला. स्प्रॉकेटचा भाग कोरडा आहे. गिअर शाफ्टपाशीची ओल मात्र तशीच आहे आणि तिच्याखाली पुठ्ठा ठेवला आहे. आठवड्यात एक थेंब.

जुना फिटर · रविवार, सकाळी ६.४५

तेही सील घेऊन ठेवावे, पुढच्या ऑइलच्या वेळी बदलता येईल. आणि गोठ्यातल्या त्या दोन बाटल्यांवर खडूने नावे लिहून ठेवावीत.

वसनाकाठ · रविवार, सकाळी ७.३०

काका, एमए२ ची बाटली काल कडबाकुट्टीत रिकामी झाली. रिकाम्या एमबीच्या बाटलीवर वहिनींनी स्वतःच लाल नेलपॉलिशने "स्कूटर" असे लिहिले आहे.